पुळणीवरची वाट आणि पाऊणपटीचा हिशेब

ज्यांचा मुलगा किंवा पुतण्या ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी नोकरीस आहे, अशी घरे आपल्या वाचकांत आता थोडीथोडकी नसतील. तेथे गेलेल्या वडील मंडळींस पहिल्या पंधरवड्यात शहरातील बागा, नदी व देवळे दाखविली जातात, आणि मग एके रात्री पाने मांडली असता तरुण मंडळी विषय काढतात की, आता एकदा बेटावर जाऊन समुद्राच्या पुळणीवरून मोटार हाकू. आमच्या पुतण्याने दिवाळी आटोपल्यावर हाच विषय काढला. आम्ही होकार दिला, प्रवास केला, आणि त्यात केवळ आमच्या दोषाने सर्व मंडळींस एका कठीण प्रसंगात घातले. तो प्रसंग झाकून नुसते प्रवासवर्णन लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कारण असा बेत करणाऱ्या घरास उपयोगी पडेल असे जे काही आम्हांजवळ आहे, ते बहुतेक त्या दोन तासांतच आमच्या पदरी पडले.

हे बेट ब्रिस्बेनच्या उत्तरेस आहे. त्याचे मूळचे नाव उच्चारावयाचे 'गरी' असे. इंग्रजी लिपीत आरंभी एक 'क' लिहितात, पण तो मुका आहे. 1836 साली फुटलेल्या एका जहाजाच्या कप्तानाच्या पत्नीवरून गोऱ्या लोकांनी त्यास 'फ्रेझर आयलंड' म्हणण्यास आरंभ केला. तेथील मूळ रहिवासी बुचुल्ला लोक. त्यांच्या भाषेतील जुने नाव सरकारने 2023 साली बेटास विधिपूर्वक परत दिले. लांबी सुमारे सव्वाशे किलोमीटर, आणि हे सारे बेट वाळूचे! वाळूचे याहून मोठे बेट जगात नाही. दक्षिणेकडून समुद्रप्रवाहांनी लक्षावधी वर्षे वाहून आणलेल्या वाळूचे हे ढीग. आणि आश्चर्य असे की, त्याच वाळूवर उंच वृक्षांचे घनदाट अरण्य उभे आहे. वाळूच्या उंचवट्यांवर, कुजलेल्या पाल्याच्या घट्ट थराने तळ धरल्यामुळे साठलेली गोड्या पाण्याची तळी आहेत. बुरांगूरा, म्हणजेच मॅकेंझी सरोवर, त्यांतलेच. 1992 साली या बेटाची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली.

बेटाच्या पूर्व अंगास जी अखंड पुळण आहे, तीच तेथील राजरस्ता. हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. तेथे वाहतुकीचे सर्व कायदे लागू आहेत: ताशी 80 किलोमीटरची मर्यादा, कमरेस पट्टा बांधण्याची सक्ती, मद्यपान केलेल्या चालकास शासन. लहान विमानेही याच पुळणीवर उतरतात आणि त्यांस वाट द्यावी लागते. आपल्याकडील स्थिती याच्या उलट आहे. कोकणच्या पुळणी हा रस्ता नव्हे. तेथे मोटारी नेण्यास ठिकठिकाणी मनाई आहे, कासवे अंडी घालतात, लोक फिरतात, मुले खेळतात. तरी सुटी आली की कोणाची तरी गाडी रुतल्याची वार्ता येतेच. 2024 च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत एक महामूल्य इटालियन मोटार रुतली आणि ती शेवटी बैलगाडीने ओढून काढावी लागली. आम्ही ते चित्र पाहून पोटभर हसलो होतो. त्या हसण्याचे व्याज पुढे भरावे लागेल हे तेव्हा आम्हांस कोठे ठाऊक होते?

मोटार कशी असावी, याविषयी पुतण्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. चारही चाकांस इंजिनाचे बळ मिळते एवढ्याने भागत नाही. गाडीचे बूड उंच असावे, आणि सावकाश पण मोठ्या जोराने चाके फिरविणारा गिअरचा जो खालचा टप्पा, 'लो रेंज' म्हणून म्हणतात, तो तीत असावा. शहरातील नाजूक मोटारी चारही चाकांनी चालणाऱ्या असल्या तरी तेथे टिकत नाहीत. गाडी भाड्याची असल्यास भाडेपत्रात वाळूची मुभा आहे की नाही, आणि खाऱ्या पाण्याने झालेली हानी विम्यात येते की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचावे. बहुधा येत नाही.

परंतु गाडीपेक्षाही महत्त्वाची वस्तू म्हणजे चाकांतील हवा. डांबरी रस्त्यावर चाकांत दर चौरस इंचास 35 पौंडांच्या आसपास दाब असतो. वाळूवर उतरण्यापूर्वी तो 20 वर, आणि गाडी भारलेली किंवा वाळू भुसभुशीत असल्यास त्याहून खाली आणावा लागतो. हवा काढली की टायर जमिनीवर पसरतो, रुंदीस थोडा आणि लांबीस पुष्कळ; भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि चाक वाळू कापीत न जाता तिच्यावरून चालते. उंटाचा पसरट तळवा आणि घोड्याचा खूर यांतील भेद ज्याने पाहिला आहे त्यास अधिक सांगणे नको. मात्र 15 च्या खाली उतरणे सहसा बरे नाही, टायर वळणावर कडीतून निसटू शकतो. आणि पक्क्या रस्त्यास लागताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. म्हणून दाब मोजण्याचे यंत्र, हवा भरण्याचा पंप, लांब दांड्याचे फावडे आणि चाकाखाली घालण्याच्या खाचांच्या दोन फळ्या, एवढे सामान आधी आणि मग फराळाचे डबे.

आता भरती-ओहोटी, आणि येथेच आमचे पांडित्य नडले.

भरती जेथवर चढते आणि ओहोटी जेथवर उतरते, त्या दोन रेषांमधील ओली वाळू घट्ट असते. तीच गाडीची वाट. वरची कोरडी वाळू पीठ पडावे तशी भुसभुशीत, आणि अगदी पाण्यालगतची, पाण्याने तट्ट भरलेली, दगाबाज. म्हणून त्या बेटावरचा सर्वमान्य नेम असा की, पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढ्याच अवधीत पुळणीवर गाडी हाकावी. भरतीच्या आगेमागे दोन तास तर घराबाहेर पडूच नये. बेटाचा सारा दिनक्रम या चार तासांवर बेतलेला असतो. जेवण केव्हा, स्नान केव्हा, निघावयाचे केव्हा, हे चंद्र ठरवितो.

आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलो, आणि पुढे शास्त्रीबोवांजवळ संस्कृत पढून रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीकाठच्या शाळेत बावीस वर्षे ते शिकविले. तेथे तरीवरून पलीकडे जावयाचे असे, आणि तरीची वेळ पाण्याच्या हाती. त्यामुळे कोळ्यांचा जुना हिशेब आमच्या अंगवळणी पडलेला: तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाने मागे पडतो, त्याबरोबर पाणीही मागे पडते, हे या हिशेबाचे बीज. बावीस वर्षांत या हिशेबाने आम्हांस धक्क्यावर अर्ध्या तासाहून अधिक कधी ताटकळत ठेवले नाही. तेव्हा परदेशी निघताना ट्रंकेत जे पंचांग घेतले, त्यात ही विद्याही आलीच.

निघण्यापूर्वीची तयारी सूनबाईंनी केली आणि ती चोख होती. बेटावर मोटार नेण्याचा परवाना क्वीन्सलंड सरकारच्या उद्यानखात्याकडून आगाऊ घ्यावा लागतो. तंबूत राहावयाचे तर त्याचा निराळा. दूरध्वनीची लहर सर्वत्र लागत नाही, म्हणून नकाशा व भरतीचा तक्ता कागदावर उतरून घेतला. समुद्रस्नानाचा बेत आधीच काढून टाकला; त्या पूर्वकिनाऱ्यास शार्क मासे आणि आत ओढून नेणारे प्रवाह आहेत, आणि राखणदार नाहीत. डिंगो नावाचे रानकुत्रे, बुचुल्ला भाषेत 'वोंगारी', बेटावर मोकळे हिंडतात. दिसावयास आपल्या गावकुत्र्यासारखे गरीब, पण 2001 साली त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला. मुलांस हाताच्या अंतरावर ठेवावे, अन्न उघड्यावर ठेवू नये, त्यांस घास टाकू नये; टाकल्यास जबर दंड आहे. आमच्या कुटुंबाने दशम्या व लाडू बांधून घेतले होते. गाईकुत्र्यास घास काढून ठेवण्याची त्यांची जन्माची सवय. तेथे तीच अपराध ठरते, हे त्यांच्या गळी उतरविण्यास सूनबाईंस अर्धा दिवस लागला.

मंडळी सात: आम्ही उभयता, वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि त्यांची दोन मुले. ब्रिस्बेनहून इन्स्किप पॉइंटास जावे. तेथून सपाट बुडाची मोठी होडी गाड्यांसकट दहाएक मिनिटांत पलीकडे हूक पॉइंटावर उतरविते. त्या दिवशी तृतीया होती. दुपारी साडेतीनला आम्ही बेटाच्या पुळणीस लागलो. पाणी ओसरत होते, वाट पटांगणासारखी. आम्ही मनात हिशेब केला: तीन पाऊण सव्वादोन, भरती सव्वादोनला होऊन गेली, म्हणजे आता ओहोटी चालू. बरोबर! पुतण्याचा तक्ताही ओहोटीच सांगत होता. दोन्ही शास्त्रे एक झालेली पाहून आम्हांस जो आनंद झाला तो आम्ही मंडळींस बोलूनही दाखविला. तक्त्याप्रमाणे ओहोटी साडेचारच्या आसपास पुरी होणार होती आणि आमच्या हिशेबाने रात्री सव्वाआठला, हा भेद पाहण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही. तीस-पस्तीस किलोमीटर कसे सरले हे कळले नाही. युरोंग नावाच्या वस्तीत मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी उत्तरेस जाऊन एली नावाचा स्वच्छ पाण्याचा ओढा आणि त्यापलीकडे वाळूत पडलेले 'महेनो' जहाज पाहावयाचे ठरले होते. हे जहाज 1905 साली बांधलेले. पहिल्या महायुद्धात त्याने जखमी सैनिकांसाठी इस्पितळाचे काम केले, आणि 1935 साली मोडीसाठी जपानकडे ओढून नेत असता वादळात दोर तुटून येथे येऊन पडले. पुतण्या रात्री म्हणाला, "तात्या, उद्या पाचला निघायला हवं. ओहोटी पाचच्या सुमाराला आहे."

आम्ही म्हणालो, "अरे, उद्या चतुर्थी. ओहोटी नऊला. आठला निघालो तरी पाणी मागेच जात असेल. वहिनींना पहाटे कशाला उठवतोस? स्नान, चहा होऊ दे."

"तक्त्यात पाच दिलंय, तात्या."

"तक्ते छापणारेही माणसंच असतात."

तो यावर काही बोलला नाही. लहानपणापासून तो आमच्या शब्दाबाहेर गेलेला नाही, आणि त्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

पाचचे आठ झाले. पोहे झाले, दुसरा चहा झाला. पुळणीवर आलो तेव्हा कालच्या पटांगणाची अर्धीअधिक रुंदी पाण्याखाली होती. आम्ही म्हटले, "अजून ओसरेल." पुतण्याने एकदा पाण्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले व गाडी उत्तरेस वळविली. पॉयंगन खडकांपर्यंत पोहोचलो की पुळण सोडून आतल्या वाटेने जाता येईल, असा त्याचा विचार होता. पण तेथवर पोहोचू दिले तर ना! लाटा आत येऊ लागल्या तशी घट्ट वाळूची पट्टी अरुंद होत चालली, आणि गाडी वरवर, कोरड्या वाळूकडे सरकत गेली. एका ओढ्याच्या मुखाशी पाण्याने वाळू कापून कमरेएवढी दरड केली होती. ती टाळण्यास त्याने गाडी वर घेतली, वेग मोडला, आणि चारही चाके एकाच वेळी खाली बसली. त्याने घाईने जोर दिला मात्र. चाके जागच्या जागी फिरली आणि गाडी बुडावर टेकली.

तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. सर्वांस खाली उतरविले. कुटुंबाने व वहिनींनी एकेका मुलाचा हात धरला व त्या वरच्या अंगास उभ्या राहिल्या. आम्ही पाण्याकडे पाहत होतो. लाट येऊन एका शिंपल्यापाशी थांबली, तो शिंपला आम्ही खूण म्हणून धरला. पाच मिनिटांनी तो शिंपला दिसेनासा झाला. पाणी ओसरत नव्हते, चढत होते. चतुर्थी खरी होती, पंचांग खरे होते, पाऊणकीही चुकली नव्हती; आणि समुद्र आमच्याकडे येत होता.

पुतण्या व सूनबाई गुडघ्यांवर बसून वाळू उपशीत होती. आम्हांस फावडे धरू देईनात. इतक्यात मागून एक जुनी गाडी आली. तीत एक म्हातारे जोडपे, मासेमारीचे गळ टपावर बांधलेले. म्हातारा उतरला, आमच्या चाकांपाशी गेला आणि त्याने एकच प्रश्न केला: "हवा किती ठेवली आहे?" पुतण्या म्हणाला, बावीस. सात माणसे आणि सामान यांच्या भाराने टायर बसेल या भीतीने त्याने आदल्या दिवशी बावीसवरच हात आखडला होता, आणि घट्ट वाळूवर ते खपून गेले होते. म्हाताऱ्याने मान हलविली आणि चारही चाकांची हवा सोळावर आणविली. मग चाकांपुढची नव्हे, मागची वाळू काढावयास लावली. ज्या चाकोरीने गाडी आली ती दाबलेली असते, तिनेच मागे जावे, हे त्याचे म्हणणे. बुडाखालची वाळू हातांनी उपसली. फळ्या मागच्या चाकांशी घुसविल्या. पुतण्याने दोर काढून गाडीच्या मागील टो-बॉलास बांधू म्हटले, तेव्हा म्हाताऱ्याने तो त्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला. तो गोळा ओझ्याची गाडी जोडण्यासाठी असतो. रुतलेल्या गाडीचा हिसका त्यास सोसत नाही, तो तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि त्या देशात त्याने माणसे मेली आहेत. दोर बांधावयाचा तर गाडीच्या सांगाड्यास मुद्दाम बसविलेल्या कड्यांसच.

दोराची गरज पडली नाही. पहिली लाट मागच्या चाकास लागून परतली, आणि त्याच सुमारास खालच्या गिअरात, अगदी हळू, चाक न फिरविता, गाडी फळ्यांवर चढली आणि मागे निघाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. वहिनी डोळे मिटून काही पुटपुटत होत्या. आमच्या पायांतील वहाण केव्हा वाहून गेली हे आम्हांस मुक्कामावर आल्यावर कळले. म्हाताऱ्याने तर आमचे लाडू घेण्यासही संकोच केला. त्याच्या बायकोने मात्र दोन घेतले.

अकराच्या सुमारास, तक्त्यात लिहिले होते तेव्हाच, पाणी पूर्ण भरले. ज्या जागी आमची गाडी रुतली होती ती जागा पुतण्याने आम्हांस टेकाडावरून दाखविली. तेथे लाटा फुटत होत्या.

आमचा हिशेब चुकला कोठे, हे आम्ही दुपारभर बसून लावले. चंद्रामुळे पाणी उचलते हे सर्वत्र सारखे. पण ते उचललेले पाणी कोणत्या किनाऱ्यास किती वाजता पोहोचते हे समुद्राच्या तळाची खोली, किनाऱ्याची वळणे आणि सामुद्रधुन्या यांवर ठरते. मुंबई-रत्नागिरीकडे अमावास्येस व पौर्णिमेस भरती बाराच्या आसपास येते, म्हणून तेथे शून्यापासून पाऊणकी मोजली की भागते. ज्या किनाऱ्यास ती त्याच तिथीला आठाच्या आसपास येते, तेथे आरंभच निराळा. कोळ्यांनी तो हिशेब त्यांच्या पाण्याकरिता बसविला होता. त्यांनी तो कोठेही चालेल असे आम्हांस कधी सांगितले नव्हते.

रात्री मुले निजल्यावर पुतण्या ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "तात्या, चूक माझी आहे. मला ठाऊक होतं. पण तुम्हांला 'नाही' म्हणायला जीभ उचलली नाही."

आम्ही या वाक्यावर फार विचार केला आहे. सूनबाई आणि मुले पाण्याच्या तोंडाशी उभी असता तो गप्प राहिला तो आमच्या मानाकरिता, आणि असे मान राखणे आम्हीच त्यास शिकविले. आम्ही त्यास एवढेच म्हणालो की, येथून पुढे चाक ज्याच्या हाती, शब्द त्याचा. आम्ही मागे बसू. त्याने मान खाली घातली, पण सूनबाई आतून ऐकत होत्या, त्यांनी लगेच येऊन सांगितले, "मग उद्या चारला उठायचं, तात्या. चहा वाटेत."

सकाळी चारला दिवा लावला तो धाकटी पाती आधीच उठून बसलेली. मोठा नातू अकरा वर्षांचा, गणिताचा नादी. त्याने आमच्या पंचांगाशेजारी तक्ता ठेवून कागदावर काही खरडले होते. म्हणाला, "आजोबा, तुमचं चुकलं नाहीच. फक्त आठ मिळवायचे राहिले." काल चतुर्थी: चार पाऊण तीन, आणि आठ मिळून अकरा. आज पंचमी: पाच पाऊण पावणेचार, आणि आठ मिळून पावणेबारा. तक्त्यात पाहिले, पाच-सहा मिनिटांचे अंतर. आम्ही त्यास शाबासकी दिली आणि त्याच्या देखत पंचांग ट्रंकेत ठेवून तक्ता पुतण्याच्या हाती दिला.

पाचला निघालो. चाकांत सोळा पौंड, पुतण्याने मोजून घेतले आणि यंत्र आमच्याकडे देऊन पुन्हा वाचावयास लावले. पाणी दूर गेले होते, वाट ओली व घट्ट, आणि सूर्य समुद्रातून वर येत होता. ज्या ओढ्याशी रुतलो होतो त्याच्या मुखाशी आता घोट्याएवढे पाणी. कालची दरड भरतीने पुसून टाकली होती. तरी पुतण्याने गाडी थांबविली, खाली उतरून चालत पाण्याचा तळ पाहिला, आणि मगच पलीकडे घेतली. साडेसहाला आम्ही महेनोच्या गंजलेल्या सांगाड्यापाशी उभे होतो. पाऊण तास तेथे थांबलो नाही तोच त्याने घड्याळ पाहिले व म्हणाला, "चला, तात्या." आमच्या कुटुंबास अजून पाहावयाचे होते. आम्ही त्यांस गाडीत बसविले.